चिठ्ठीत आलेले पाणी

कबड्डीचे मैदान जालन्यात आखा नाहीतर पाटण्यात, पुरुषांच्या सामन्यासाठी ते १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंदच भरते. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे जमिनीने कुणाला झुकते माप दिले अशी तक्रार उरत नाही. नदीचे तसे नसते. एका वळणावर करंजाच्या सावलीतला खोल डोह असतो आणि तिथून शंभर पावलांवर उघड्या खडकावरून घोटाभर पाणी वाहत असते. डोहाशी उभा राहिलेला माणूस दहा मासे धरेल, खडकावरचा दिवसभर उन्हात तापेल. मग दोघांत कसबी कोण, हे ठरवायचे कसे? मासेमारीच्या प्रत्येक स्पर्धेपुढे हा पेच असतो. फ्लाय फिशिंगच्या सांघिक स्पर्धेचे जवळपास सगळे नियम तो सोडवण्यासाठी घडले आहेत.

आधी या प्रकाराविषयी थोडे. आपल्याकडे गळ टाकणारा माणूस गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतो, वर शिशाचा मणी अडकवतो आणि भिरकावतो. मण्याच्या वजनाने दोरा लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये वजन दोरीलाच असते. टोकाच्या बारीकशा गळावर पिसे, केस आणि रेशमी धागा गुंडाळून पाण्यावरच्या एखाद्या कीटकाची, अळीची किंवा चिमुकल्या मासोळीची नक्कल बांधलेली असते. तिला स्वतःचे असे फारसे वजन नसते. लवचीक काठी मागे-पुढे झुलवून जाड दोरी हवेत उलगडायची आणि ती नकली माशी पाण्यावर अलगद उतरवायची, यात सगळे कौशल्य. मासा फसला तर तो वासाला किंवा चवीला नाही, दिसण्याला आणि हालचालीला फसतो.

हौशी मासेमारीच्या जागतिक महासंघाची, सीआयपीएसची, स्थापना १९५२ साली रोममध्ये झाली. त्याची फिप्स-मूश नावाची शाखा फक्त फ्लाय फिशिंग पाहते. तिची पहिली जागतिक स्पर्धा १९८१ मध्ये लक्झेंबर्गला झाली. त्याच वर्षी १ मे रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, म्हणजे दोघांचे वय एकच.

संघ पाच जणांचा असतो, सोबत एक राखीव खेळाडू आणि एक कप्तान. स्पर्धेच्या पाण्याचे पाच विभाग पाडतात. कुठे नदीचा पट्टा, कुठे तलाव. प्रत्येक संघातले पाच खेळाडू पाच गटांत विखुरतात, म्हणजे एका गटात एका संघाचा एकच माणूस. फेरी तीन तासांची आणि अशा फेऱ्या पाच. दर फेरीला गट विभाग बदलतो, त्यामुळे स्पर्धा संपेपर्यंत प्रत्येक जण पाचही पाण्यांवर एकदा उभा राहिलेला असतो. विभागातही काठाचे तुकडे पाडलेले असतात. कुणाला कोणता तुकडा मिळणार, हे चिठ्ठी टाकून ठरते. ओळख, वशिला, आधी येऊन जागा धरणे यांतले काही चालत नाही.

एवढ्यानेही समानता पुरी होत नाही, कारण पाच विभागांत एक माशांनी भरलेला आणि एक जवळपास ओसाड असू शकतो. सगळ्यांचे मासे एकत्र मोजले, तर भरलेल्या विभागातली फेरीच निकाल ठरवेल आणि ओसाड पाण्यावर घाम गाळणाऱ्याची मेहनत हिशेबातही येणार नाही. म्हणून संघाचा निकाल माशांवरून लागत नाही, क्रमांकावरून लागतो. प्रत्येक फेरीत, प्रत्येक विभागात स्वतंत्र क्रमवारी लागते. पहिल्याला १, दुसऱ्याला २, असे पुढे. भरल्या पाण्यावर वीस मासे धरून पहिला आलेला आणि ओसाड पाण्यावर दोनच मासे धरून पहिला आलेला, दोघांच्याही नावापुढे १ हाच आकडा पडतो. पाच खेळाडूंचे पाच फेऱ्यांतले असे पंचवीस आकडे मिळवायचे. ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता.

या हिशेबाचा एक परिणाम चटकन ध्यानात येत नाही. समजा स्पर्धेत पंचवीस संघ आहेत. एका संघाचे चार जण एका फेरीत पहिले, दुसरे, पहिले आणि दुसरे आले, पण पाचवा शेवटचा, पंचविसावा. बेरीज झाली ३१. दुसऱ्या संघाचा एकही खेळाडू पहिल्या पाचांत नाही, पण पाचही जण सहावे आहेत. त्यांची बेरीज ३०. त्या फेरीत दुसरा संघ सरस ठरला. एखादा असामान्य खेळाडू संघाला तारू शकत नाही, मात्र एकाची रिकामी फेरी चौघांचे यश पुसून टाकते. काठावर एकट्याने करायच्या या छंदाला संघाचा खेळ बनवले ते या बेरजेने. संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर कोणत्या विभागात मासा किती खोल होता, सकाळी कोणती माशी चालली, ऊन चढल्यावर काय बदलले, हे सारे कप्तान टिपून घेतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे जाणाऱ्याच्या हाती देतो. उत्तम खेळाडूने आपले गुपित स्वतःपाशी ठेवले तर नुकसान त्याच्याच संघाचे. वैयक्तिक क्रमवारीही लागते, आणि तिच्यात फ्रान्सच्या पास्काल कोन्यार यांनी १९९४, १९९७ आणि २००० अशी तीन जागतिक विजेतेपदे मिळवली. दर वेळी वेगळे पाणी आणि चिठ्ठीत आलेली जागा असताना तीनदा पहिले येणे म्हणजे नशिबाचा भाग नियमांनी खरोखरच बराच छाटला आहे.

विभागातला क्रमांक मात्र माशांवरूनच ठरतो. पात्र ठरलेल्या प्रत्येक माशाला १०० गुण आणि त्याच्या लांबीच्या प्रत्येक सेंटिमीटरला २० गुण. म्हणजे ५० सेंटिमीटरचा एक दांडगा मासा ११०० गुणांचा, पण २५ सेंटिमीटरचे दोन मासे मिळून १२०० गुण होतात. मोठ्या माशाच्या आशेवर तीन तास काढणाऱ्यापेक्षा पाणी वाचत एकामागून एक मासे लावणाऱ्याला हा हिशेब झुकते माप देतो, आणि ते योग्यच आहे. मोठा मासा कधीकधी योगायोगानेही लागतो, दहा मासे योगायोगाने लागत नाहीत. ठरलेल्या किमान लांबीपेक्षा लहान मासा मोजत नाहीत.

वजन न करता लांबी मोजण्याचे कारण माशाचा जीव. काट्याला टांगलेला मासा तडफडतो, त्याच्या कल्ल्यांना आणि आतल्या अवयवांना इजा होते. म्हणून खेळाडू मासा जाळीतून पंचापाशी नेतो, पंच तो ओल्या पन्हळीत आडवा ठेवून मोजतो, आकडा लिहितो आणि मासा जिवंत पाण्यात परततो. हात ओले हवेत. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगांपासून वाचवतो आणि कोरड्या तळव्याला तो थर निघून येतो. गळाला अडणी, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, चालत नाही. असलीच तर पकडीने दाबून सपाट करायची. अडणी नसलेला गळ क्षणात सुटतो, पण दोरी जराशी सैल पडली तरी मासाही सुटतो. त्यामुळे हा नियम माशाला वाचवतो आणि माणसाचे कसबही पारखतो. काठी ३६६ सेंटिमीटरपेक्षा लांब नको. एका दोरीवर तीनच माश्या आणि त्यांच्यात किमान ५० सेंटिमीटरचे अंतर, नाहीतर गळांचा झुबका करून मासा नुसता ओरबाडून काढता येईल. शिसे, तरंगता बूच, वास लावलेले आमिष, सगळ्याला मनाई.

तलावातल्या फेरीची रीत वेगळी. एका होडीत दोन खेळाडू बसतात आणि ते मुद्दाम वेगवेगळ्या संघांचे असतात. वाऱ्याबरोबर होडी आडवी वाहत जाते, दोघे पुढच्या पाण्यावर माश्या टाकतात. प्रतिस्पर्धी हातभर अंतरावर, त्याची प्रत्येक हालचाल डोळ्यांसमोर. फसवायला वाव नाही आणि शिकायला भरपूर.

महाराष्ट्रात हौशी गळकऱ्यांचे जुने ठिकाण म्हणजे मुंबईचा पवई तलाव. १८९१ मध्ये बांधलेल्या या तलावाच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सदस्य पिढ्यान्‌पिढ्या गळ टाकत आले आहेत. दख्खनच्या नद्यांतला खरा झुंजार मासा महाशीर. निळ्या परांच्या महाशीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले. पुढे धरणे, सुरुंग आणि सांडपाणी यांनी तो विरळ झाला, तेव्हा टाटा कंपनीने लोणावळ्याजवळ वळवणला त्याची पैदास करून बोटुकली ठिकठिकाणी सोडली. महाडजवळ वाळण कोंडीत तर लोक श्रद्धेने हे मासे राखतात, कुणी गळ टाकत नाही. मासा न मारता जपण्याची कल्पना आपल्या मातीला नवी नाही.

जालन्यात अशी स्पर्धा भरवायची ठरवली, तर पहिला प्रश्न पाण्याचा येईल. दक्षिणेला गोदावरी, मधून दुधना, वायव्येकडून पूर्णा. बदनापूर तालुक्यात सोमठाण्याचा ऊर्ध्व दुधना प्रकल्प, जालन्याजवळ घाणेवाडीचा तलाव, परतूर-मंठ्याकडे निम्न दुधनेचा फुगवटा. पण २०१२-१३ च्या दुष्काळाने या जिल्ह्याचे तलाव कसे तळाला जातात ते सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून तारीख दिनदर्शिकेवरून ठरवून भागणार नाही, साठा पाहून ठरवावी लागेल. पावसाळ्यात काळ्या जमिनीवरून आलेल्या गढुळाने पाणी चहासारखे होते आणि न दिसणारी माशी मासा धरणार नाही. शिवाय तो रोहू-कटल्याच्या विणीचा काळ. पाणी निवळल्यावर, दिवाळीनंतरचे आठवडे बरे.

मासेही वेगळे. जागतिक स्पर्धेचे नियम थंड पाण्यातल्या ट्राउट आणि ग्रेलिंगसाठी बांधले गेले. आपला कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, मृगळ तळ चाळतो. दोघेही माशीला सहज भुलत नाहीत. मरळ मात्र शिकारी, काठच्या गवतातून झडप घालणारा. चिलापीही छोट्या माशीवर येतो. किमान लांबी या माशांप्रमाणे नव्याने ठरवावी लागेल. होड्यांची फेरी गाळलेली बरी, कारण अनेक तलावांवर मच्छीमार थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळे टाकतात आणि त्यावर दोन खेळाडू बसवणे धोक्याचे.

सर्वांत महत्त्वाचा माणूस खेळाडूंच्या यादीत नसेल. तलावांतली मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. त्यांचे सभासद बहुतेक भोई समाजाचे. बीज त्यांनी विकत आणून सोडलेले, राखण त्यांची, पाणी आटले तर तोटाही त्यांचाच. मासा परत सोडण्याचा नियम इथे नुसता सौजन्याचा राहत नाही, तो त्यांच्या मालाचे रक्षण करतो. अपवाद चिलापीचा करावा. तो बाहेरून आलेला आणि इतर माशांच्या जागा बळकावणारा, तेव्हा मोजून झाल्यावर तो संस्थेच्या टोपलीत जावा. प्रवेशशुल्काचा ठरावीक वाटा संस्थेला मिळावा आणि तो आधी लेखी ठरावा. पंचही संस्थेच्या सभासदांतूनच घ्यावेत, रोजच्या कमाईपेक्षा कमी नसलेले मानधन देऊन. मासा ओल्या हाताने कसा धरायचा हे त्यांना शिकवावे लागणार नाही, आणि काठाचे तुकडे पाडताना कुठे गाळ आहे, कुठे बुडालेली बाभळ आहे, कुठे मरळ बसतो, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. पाच विभागांचा नकाशा त्यांच्यासोबत काठ चालूनच आखावा लागेल, आणि चिठ्ठ्या त्यानंतर टाकाव्यात.