टाचदुखीवर पीआरपी, शॉकवेव्ह की स्टेम सेल? शस्त्रक्रिया टाळणाऱ्या उपचारांत खरे किती, जाहिरात किती?

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. चार पावले चालल्यावर ती कमी होते, कामाच्या नादात विसरायला होते आणि संध्याकाळी पुन्हा डोके वर काढते. डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर रोज चढ-उतार करणारे, चिकूच्या वाडीत दिवसभर उभ्याने काम करणारे मजूर किंवा पाड्यापाड्यांवर पायी फिरणाऱ्या आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्यासाठी हे दुखणे म्हणजे थेट कामाचा खाडा.

अशा वेळी मोबाइलवर ‘शस्त्रक्रियेविना कायमचा आराम’ अशी जाहिरात दिसते. पीआरपी, शॉकवेव्ह, स्टेम सेल ही नावे त्यात एका दमात घेतली जातात. मात्र या तिन्हींमागचा पुरावा सारखा नाही. शिवाय त्यांच्या आधी जे करायचे असते, ते बहुतेकदा फुकट असते.

टाच नेमकी का दुखते?

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. तळपायाची कमान हाच पट्टा धरून ठेवतो. वजन वाढणे, तासन् तास कडक फरशीवर उभे राहणे, झिजलेल्या पातळ चपला, पोटरीचे आखडलेले स्नायू यामुळे हाडाला चिकटतो त्या जागी पट्ट्यावर पुन्हा पुन्हा ताण येतो. दर दहापैकी साधारण एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. चाळिशी ते साठीच्या वयात त्याचे प्रमाण जास्त असते.

एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले की अनेकजण घाबरतात. पण टाच कधीच न दुखलेल्या लोकांमध्येही असे वाढलेले हाड आढळते. त्यामुळे केवळ एक्स-रेवरून ‘हाड कापावे लागेल’ असा निष्कर्ष निघत नाही.

‘रिजनरेटिव्ह’ म्हणजे काय?

या दुखण्याला अनेक वर्षे ‘सूज’ समजले जात होते. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेले ५० रुग्णांचे नमुने तपासले गेले. त्यांत सूज नव्हे, तर पट्ट्याच्या तंतूंची झीज दिसली. म्हणजे जुन्या टाचदुखीत पट्टा सुजलेला कमी आणि झिजलेला जास्त असतो. मग सूज उतरवणाऱ्या औषधांऐवजी शरीराची दुरुस्तीची यंत्रणाच जागी केली तर? या विचारातून रिजनरेटिव्ह, म्हणजे ऊतींच्या पुनर्निर्माणाला चालना देणारे उपचार पुढे आले.

पीआरपी कसे काम करते?

पीआरपी म्हणजे प्लेटलेटची मात्रा वाढवलेला रक्तद्रव. रुग्णाच्या हातातून थोडे रक्त काढले जाते. ते यंत्रात जोराने फिरवून लाल पेशी वेगळ्या केल्या जातात आणि प्लेटलेटने भरलेला पिवळसर द्रव टाचेतील दुखऱ्या जागी टोचला जातो. जखम झाल्यावर दुरुस्तीसाठी सर्वांत आधी प्लेटलेट धावून जातात आणि वाढीला मदत करणारी प्रथिने सोडतात. तेच काम टाचेत करवून घेणे हा यामागचा हेतू. रक्त स्वतःचेच असल्याने ॲलर्जीचा धोका कमी असतो. मात्र इंजेक्शननंतर काही दिवस दुखणे वाढू शकते आणि फरक जाणवायला काही आठवडे लागतात.

नेदरलँड्समध्ये ११५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर पीआरपी घेतलेल्यांचे दुखणे स्टेरॉइड घेतलेल्यांपेक्षा कमी होते. ही जमेची बाजू. पण बहुतेक चाचण्या पीआरपीची तुलना स्टेरॉइडशी करतात. नुसत्या सलाइनच्या सुईशी किंवा नियमित व्यायामाशी तुलना करणारा पुरावा तुलनेने थोडा आहे. शिवाय पीआरपी तयार करण्याची एकच ठरलेली पद्धत नाही. प्लेटलेटचे प्रमाण प्रत्येक ठिकाणी वेगळे असू शकते. थोडक्यात, पर्याय वाजवी आहे, पण खात्रीचा नाही.

शॉकवेव्ह म्हणजे विजेचा झटका का?

नाही. हा ध्वनिलहरींचा दाब असतो. मूतखडा बाहेरून फोडण्यासाठी १९८० मध्ये जर्मनीत पहिल्यांदा वापरलेल्या तंत्राचे हे भावंड. टाचदुखीसाठीच्या अशा यंत्राला अमेरिकेच्या औषध नियामकाने २००० मध्ये मान्यता दिली. साधारण आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच वेळा उपचार घ्यावा लागतो. सुई नाही, भरती होणे नाही. उपचार चालू असताना दुखते, पण ते सहन होण्याजोगे असते. सहा महिने व्यायाम करूनही आराम न पडलेल्या रुग्णांमध्ये याचा उपयोग होऊ शकतो, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. सगळ्या चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. गर्भवतींना हा उपचार दिला जात नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे.

आणि स्टेम सेल?

इथे सावध राहायला हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे स्टेम सेल प्रत्यारोपण सोडले, तर इतर वापर हा संशोधन मानला जातो. तो परवानगी घेतलेल्या चाचणीतच व्हायला हवा. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घेणे अपेक्षित नाही. टाचदुखीसाठी कोणी ‘स्टेम सेल पॅकेज’ विकत असेल तर तिथेच थांबावे. पीआरपी म्हणजे स्टेम सेल नव्हे. दोन्ही एकच असल्याचे सांगणाऱ्यापासूनही दूर राहावे.

स्टेरॉइडचे इंजेक्शन घ्यावे का?

ते लवकर लागू पडते, म्हणून लोकप्रिय आहे. ऑस्ट्रेलियात ८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चार आठवड्यांपर्यंत दुखणे कमी झाले. आठव्या आठवड्यापासून पुढे मात्र खोटे इंजेक्शन दिलेल्यांशी फरक उरला नाही. वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो. मधुमेहींची साखर काही दिवस वाढू शकते. आराम पडला म्हणून लगेच जड कामाला लागणेही महागात पडू शकते.

सर्वांत आधी काय करायचे?

दहापैकी आठ ते नऊ रुग्ण वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होतात. त्यासाठी दोन व्यायामांना चांगला आधार आहे.

पहिला, ताण देण्याचा. सकाळी पाऊल जमिनीवर टेकवण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. हाताने पायाची बोटे नडगीच्या दिशेने ओढा आणि दहा अंक मोजेपर्यंत धरा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. अमेरिकेत १०१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांनंतर हा ताण नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा सरस ठरला.

दुसरा, ताकदीचा. पायरीच्या कडेवर उभे राहा, बोटांखाली गुंडाळलेला पंचा ठेवा आणि भिंतीला धरा. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. हे एक दिवसाआड करायचे. डेन्मार्कमधील ४८ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी या व्यायामाचा फायदा ताणाच्या व्यायामापेक्षा जास्त दिसला. वर्षभरानंतर दोन्ही गट बरोबरीत आले. म्हणजे हा व्यायाम लवकर आराम देतो आणि रोजंदारीवर जगणाऱ्यासाठी तीन महिने थोडे नव्हेत.

याच्या जोडीला टाचेखाली मऊ गादी असलेली चप्पल घरातही वापरावी, झिजलेली स्लीपर टाकून द्यावी आणि वजन आटोक्यात ठेवावे. व्यायाम आठवडाभर करून सोडणे ही नेहमीची चूक. किमान तीन महिने चिकाटी हवी.

कोणती लक्षणे अंगावर काढू नयेत?

प्रत्येक टाचदुखी पट्ट्याचीच असते असे नाही. पाय बधिर होणे, चप्पल निसटली तरी न कळणे, न भरणारी जखम, ताप आणि लाली, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, उंचावरून पडल्यानंतरची कळ, तरुण वयात दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबर आखडणे यांपैकी काही असेल तर आधी तपासणी हवी.

पालघर जिल्ह्यात याला वेगळे महत्त्व आहे. राज्यात कुष्ठरोगाचे रुग्ण सातत्याने आढळणाऱ्या जिल्ह्यांत पालघर येतो. तळपायाचा बधिरपणा किंवा अंगावरचा बधिर चट्टा ही त्याची खूण असू शकते. त्याचे औषध सरकारी केंद्रांत मोफत मिळते आणि बधिर पायांसाठी मऊ रबराच्या एमसीआर चपलाही दिल्या जातात. मधुमेहातही पाय असेच बधिर होतात. आदिवासी भागात आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये हाडे दुखतात. अशा पायावर निदानाआधीच इंजेक्शन घेणे म्हणजे मूळ आजार झाकणे.

तपासणी कुठे, पैसे कधी?

डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, तर तलासरीत ग्रामीण रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सुरुवात तिथून करता येते. पीआरपी किंवा शॉकवेव्हसाठी अनेकांना डहाणू रोडहून लोकलने विरार किंवा त्यापुढे जावे लागते. जाण्या-येण्यात दिवस आणि मजुरी दोन्ही जातात. म्हणून पैसे भरण्याआधी डॉक्टरांना पाच प्रश्न जरूर विचारावेत.

– निदान नक्की काय आहे आणि ते कशावरून ठरवले?

– व्यायाम आणि चप्पल बदलून तीन ते सहा महिने झाले आहेत का?

– एकूण किती वेळा यावे लागेल आणि सगळा मिळून खर्च किती?

– इंजेक्शन सोनोग्राफीत पाहून देणार का?

– फरक पडला नाही तर पुढे काय?

या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा डॉक्टर बहुतेकदा घाई करत नाही. ‘आजच पैसे भरा, सूट मिळेल’ असे कोणी म्हणत असेल, तर परतीची लोकल पकडावी. टाचदुखी चिवट असली तरी सहसा असा आजार नव्हे, ज्याचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा लागतो.