विश्लेषण : गाडीखालचे प्लास्टिक कव्हर फाटले, बांधावे, बदलावे की काढून टाकावे?

रपट्यावरून गाडी उतरते, खालून काहीतरी आपटते आणि पुढचे दहा किलोमीटर रस्त्याला घासल्याचा आवाज येत राहतो. चंद्रपूर-गडचिरोलीत पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्यांना हा आवाज ओळखीचा आहे. बहुतेक वेळा तो इंजिनखालच्या प्लास्टिक कव्हरचा असतो. गॅरेजमध्ये कुणी त्याला अंडर कव्हर म्हणतो, कुणी इंजिन गार्ड, कुणी नुसता ‘खालचा पत्रा’. बहुतांश गाड्यांत तो पत्रा नसून पातळ प्लास्टिक असते आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो.

हे कव्हर कशासाठी असते?

दगडाचा थेट मार सोसण्यासाठी ते नाही. चिखल, पाणी, खडी इंजिनाचे पट्टे, अल्टरनेटर आणि वायरिंगवर उडू नये, हे त्याचे मुख्य काम. दुसरे काम हवेचे. पुढून आलेली हवा रेडिएटरमधून जाऊन योग्य वाटेने बाहेर पडावी, अशी त्याची रचना असते. त्यामुळे ‘काढून टाका साहेब, काही होत नाही’ हा सल्ला कोरड्या दिवसांत चार-आठ दिवसांपुरता चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये अजिबात नाही.

या दोन जिल्ह्यांत ते इतके का तुटते?

हॅचबॅक आणि सेदान गाड्यांचे पोट जमिनीपासून साधारण १६५ ते १७० मिलिमीटर उंच असते. चार माणसे आणि सामान भरले की ते आणखी खाली येते. भारतीय रस्ते परिषदेच्या निकषांनुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गावोगावच्या गतिरोधकांशी हे माप ताडून पाहायला हरकत नाही! आष्टी-आलापल्ली पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक, घुग्घुस-राजुरा-गडचांदूर भागात कोळसा आणि सिमेंटची वाहतूक. या जड वाहनांच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा नेमका छोट्या गाडीच्या पोटाला लागतो. वरोऱ्याकडची काळी माती ओली असताना कव्हरवर थापली जाते आणि वाळली की तिच्या वजनाने क्लिपा निसटतात.

आणखी एक धोका फारसा बोलला जात नाही. धान कापणीच्या दिवसांत मळणीसाठी रस्त्यावर पसरलेले तणस गाडीखाली अडकते. फाटलेल्या कव्हरमध्ये ते सहज शिरते आणि सायलेन्सरचा पुढचा भाग शेकडो अंश तापलेला असतो. वाळक्या तणसाला पेट घ्यायला तेवढे पुरते. अशा रस्त्यावरून गेल्यावर जळका वास आला तर गाडी तणसापासून लांब थांबवून इंजिन बंद करावे.

आवाज आला की आधी काय पाहावे?

मीटरवरचा लाल ऑइलचा दिवा. तो लागला तर प्रश्न कव्हरचा राहत नाही, चेंबर फुटलेला असू शकतो. ‘आलापल्लीपर्यंत तर पोहोचू’ म्हणून ऑइलशिवाय चार किलोमीटर चालवलेली गाडी इंजिन जाम करून घेते. दिवा नसला तरी गाडी थांबेल तिथे जमीन पाहावी. स्वच्छ पाणी एसीचे असते; काळपट, चिकट थेंब ऑइलचे; हिरवट किंवा गुलाबी पाणी कूलंटचे. शेवटच्या दोन्हींत गाडी पुढे नेऊ नये.

थांबायचे कुठे, हेही महत्त्वाचे. चंद्रपूर-मूल रस्त्यावर लोहारा, चिचपल्लीच्या जंगलात किंवा मोहर्लीच्या वाटेवर उतरून गाडीखाली वाकणे हा वेडेपणा आहे. हा वाघांचा परिसर आहे. दिवा लागलेला नसेल आणि काही गळत नसेल, तर कव्हर घासत असले तरी हळू चालवत पुढचे गाव गाठावे. आणि कुठेही असा, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.

तात्पुरते कसे बांधावे?

डिकीत आठ-दहा मोठे केबल टाय ठेवावेत. लोंबणारी कड मूळ छिद्रांतूनच बंपरच्या किंवा फ्रेमच्या भोकाला बांधावी. सायलेन्सरजवळ प्लास्टिक टाय वितळतो, तिथे बायंडिंग तार हवी. एक्सेल, ब्रेकचा पाइप किंवा वायरिंगला काहीही बांधू नये. बांधता येत नसेल तर लोंबणारे कव्हर पूर्ण काढून डिकीत टाकावे. चाकाखाली आले तर ते बंपरही ओढून नेते.

दुरुस्ती कधी, बदल कधी?

क्लिपा-स्क्रू गेले असतील तर फक्त तेच बदलावेत, छिद्र मोठे झाले असेल तर रुंद वॉशर टाकून. सरळ चीर असेल तर तिच्या टोकाला बारीक छिद्र पाडले की ती पुढे सरकत नाही. मग प्लास्टिक वेल्डिंग होते. पण बसवण्याचे कान तुटले असतील किंवा मधला भागच गायब असेल, तर जोडकामावर खर्च करू नये. नवे घ्यावे.

लोखंडी गार्ड बसवायचा मोह इथे अनेकांना होतो. भामरागड, सिरोंचाकडे रोज जाणाऱ्याला तो उपयोगीही आहे. मात्र वजन वाढते, उंची आणखी कमी होते, आणि हवेची वाट व ऑइल काढायचे भोक ठेवले नसेल तर इंजिन तापते. आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला गार्ड घ्यावा. वॉरंटीत असलेल्या गाडीला बसवण्यापूर्वी कंपनीच्या सेंटरला विचारावे.

विमा मिळतो का?

सर्वसमावेशक पॉलिसीत मिळतो, पण हिशेब करून पाहा. प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात १,००० रुपयांची अनिवार्य वजावट असते. समजा कव्हर २,००० रुपयांचे आहे. घसारा जाऊन उरले १,०००, वजावटीनंतर शून्य. वर पुढच्या वर्षीचा नो-क्लेम बोनस जातो, तो वेगळाच. चेंबर फुटला असेल तर मात्र दावा जरूर करावा. त्यासाठी गाडी हलवण्याआधी, सुरक्षित असेल तर, जागेवरचे फोटो काढावेत आणि टोइंग मागवावे. ऑइल गळत असताना गाडी चालवून इंजिन जाम झाले, तर ते परिणामी नुकसान समजून विमा कंपनी इंजिनाचा खर्च नाकारू शकते.