समजून घ्या : कर्नाळ्यातला रस्ता जंगलाला नेमका कुठे नडतो?

पनवेलहून पेणच्या दिशेने साधारण १२ किलोमीटरवर मुंबई-गोवा महामार्ग थेट कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जातो. गणपतीला गावी जाणाऱ्यांसाठी ही काही मिनिटांची सावली. पण हे अभयारण्य १९६८ सालचं आहे आणि इथे पक्ष्यांच्या दोनशेहून अधिक जातींची नोंद आहे.

अभयारण्याचं क्षेत्र १२.११ चौरस किलोमीटर. हा चौकोन मानला, तर एक बाजू जेमतेम साडेतीन किलोमीटरची. त्याच्या मधोमध रस्ता धरला, तर जंगलातली कुठलीही जागा रस्त्यापासून किंवा हद्दीपासून एक किलोमीटरही दूर उरत नाही. म्हणजे 'आतलं जंगल' मुळातच थोडं.

रस्ता फक्त डांबराएवढी जागा खात नाही. झाडं तुटली की ऊन-वारा आत शिरतो, कडेला रानमोडी आणि घाणेरी माजते. वाहनांच्या आवाजात पक्ष्याची साद जोडीदारापर्यंत पोहोचत नाही. रात्री दिव्यांनी बेडूक, साप दिपतात आणि चाकाखाली येतात. फांद्यांची कमान तुटली, की माकडांनाही खाली उतरूनच रस्ता ओलांडावा लागतो.

तिबोटी खंड्याचंच पाहा. जेमतेम १३ सेंटीमीटरचा हा रंगीत पक्षी पावसाळ्यात कोकणात वीण करतो. मातीच्या उभ्या कडेत तो बिळासारखं घरटं खोदतो. अशी कड ओढ्याकाठी असते, तशीच रस्त्यासाठी कापलेल्या दरडीतही. तिथे पावसाळ्यात जेसीबी चालला तर पिल्लांसकट घरटं जातं. काम चारच महिने पुढे ढकललं तर हे टळतं, त्याला वेगळा निधी लागत नाही.

ॲमेझॉनमध्ये २०१४ च्या एका अभ्यासात सुमारे ९५ टक्के जंगलतोड रस्त्यांपासून साडेपाच किलोमीटर किंवा नद्यांपासून एक किलोमीटरच्या आत आढळली. तिथे लाकडासाठी वाट काढतात आणि मागून वस्ती येते. पनवेलच्या आसपास हेच काम महामार्ग करतो. फरक एवढाच, की इथे लाकडाऐवजी प्लॉट विकले जातात.

मग रस्ता अडवायचा का? पनवेल-इंदापूर चौपदरीकरण २०११ पासून रखडलं, तेव्हा कर्नाळ्याच्या परवानग्यांकडे बोट दाखवलं गेलं. अभयारण्यातल्या अशा कामाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. कोकणवासीयांचा वैताग खराच आहे, पण ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं सगळं खापर या तुकड्यावर फोडणं पटत नाही.

नागपूरजवळ पेंचमध्ये महामार्ग ४४ उंचावून खालून प्राण्यांना वाट दिली आणि कॅमेऱ्यात वाघही तिथून जाताना दिसले. कर्नाळ्यात मात्र गरज झाडाझाडांवरून जाणाऱ्यांची आहे. त्यासाठी वर जुळणाऱ्या फांद्या राखणं किंवा दोरांचे पूल बांधणं, आणि खाली वेग कमी ठेवणं हे उपाय लागू पडतात. माकडांसाठी गाडी थांबवून वेफर्स टाकणं बंद करायला तर कोणत्याच मंडळाची परवानगी लागत नाही.