उत्तर कोपऱ्यात, विचार मधल्या भागात

बारावीची परीक्षा तोंडावर आली की लिनिअर प्रोग्रॅमिंग हा हुकमी गुणांचा धडा ठरतो. रेषा काढा, शेडिंग करा, कोपरे तपासा, गुण घ्या. या धड्याचा प्राण मात्र रंगवलेल्या भागात आहे आणि घाईत नेमका तोच निसटतो.

समजा, एका शेतकऱ्याकडे १० एकर जमीन आणि २ लाख १० हजार रुपये आहेत. खर्च सोयाबीनला एकरी १५ हजार, कापसाला ३० हजार. सोयाबीन क्ष एकर, कापूस य एकर धरला तर जमिनीची अट क्ष + य ≤ १० आणि पैशाची क्ष + २य ≤ १४. प्रत्येक रेषा कागदाचे दोन भाग करते. आपला भाग कोणता, हे (०, ०) घालून कळतं: दोन्ही अटी खऱ्या ठरतात, म्हणजे आरंभबिंदूची बाजू. क्ष आणि य शून्याखाली जात नाहीत. उरतो एक चौकोन. त्यातला प्रत्येक बिंदू म्हणजे या शेतकऱ्याला झेपणारी एक पेरणी.

एकरी नफा सोयाबीनला १० हजार, कापसाला १५ हजार धरला तर सर्वाधिक नफा (६, ४) या कोपऱ्यावर मिळतो: १ लाख २० हजार. कोपऱ्यावरच का? नफ्याची रेषा समांतर सरकवत नेली, तर क्षेत्र सोडण्यापूर्वी ती शेवटी कोपऱ्याला किंवा एखाद्या अख्ख्या कडेला टेकते.

जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ची सिम्प्लेक्स पद्धत अशीच कोपऱ्याकोपऱ्याने पुढे जाते. पण चल हजारोंनी वाढले की कोपरे मोजण्यापलीकडे जातात. आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये असताना, १९८४ साली, क्षेत्राच्या आतूनच उत्तराकडे जाणारी वाट शोधली. मोठ्या प्रश्नांसाठी आज अशा अंतर्गत पद्धती सर्रास वापरतात. ज्या भागावर आपली मुलं नुसती पेन्सिल फिरवतात, त्यातूनच ही वाट गेली.

म्हणून परीक्षेत एक प्रश्न हवाच: (३, ५) हा बिंदू काय सांगतो? दोन एकर पडीक, १५ हजार शिल्लक, नफा १ लाख ५ हजार. पावसाच्या भरवशावर शेती करणारा माणूस दुबार पेरणीच्या भीतीने हा बिंदू जाणूनबुजून निवडू शकतो. हे ज्याला सांगता येईल, त्याला असमानता समजली. त्याला पूर्ण गुण द्यावेत.