अंधारात तोल का जातो?

शेतीपंपाची वीज रात्रीची असली की जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागांना बॅटरीच्या उजेडात पाणी द्यावे लागते. पन्नाशी-साठीतले काही शेतकरी तेव्हा एक वेगळीच तक्रार सांगतात. दिवसा बांधावरून नीट चालता येते, अंधार पडला की पाय कुठे पडतो तेच कळत नाही. कुणाचा मोरीवर तोंडाला साबण लावून डोळे मिटले की पुढे झोक जातो. कुणाच्या पायातली चप्पल वाटेत निसटते आणि मागून येणाऱ्याने हाक मारल्यावर समजते. घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’ मग डोळे तपासले जातात, चष्म्याचा नंबर बदलतो. तोल तसाच.

दोष बहुधा डोळ्यांचा नसतो. उलट पायांकडून मेंदूला मिळायची माहिती कमी पडल्यामुळे डोळेच जास्तीचे काम ओढत असतात. अंधार झाला की तोही आधार जातो.

डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावले तर ते बरोबर पोहोचते. हात कुठे आहे हे न पाहता कळते, कारण स्नायूंच्या आत चातीच्या आकाराचे बारीक संवेदक असतात. स्नायू किती आणि किती वेगाने ताणला गेला, हे ते सांगतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांतले संवेदक ओढ किती बसली ते कळवतात. या जाणिवेला चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्ये ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिले. आपण स्थितीचे भान म्हणू. ताण ओळखणारे पिएझो-2 हे प्रथिन शोधणारे आर्डेम पॅटापुटियन 2021 च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

ही माहिती संवेदी चेतापेशी सेकंदाला 80 ते 120 मीटर वेगाने वाहून नेतात. रेंगाळणाऱ्या ठणक्याचा संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर जातो. ढेकळावर पाऊल वाकडे पडले तर निरोप मज्जारज्जूत पोहोचताच तिथूनच स्नायूला हुकूम सुटतो आणि घोटा सावरू लागतो. आपल्याला ते नंतर कळते. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात ती हाच मार्ग तपासायला. दुसरी वाट मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर मेंदूकडे जाते. पायाच्या अंगठ्यापासून मेंदूच्या देठापर्यंत एकच चेतापेशी असते, उंच माणसात सुमारे दीड मीटर लांब. इतकी लांब तार सांभाळणे अवघड, म्हणून बिघाड आधी पायांत दिसतो.

हे भान पूर्ण गेले तर काय होते, हे इयन वॉटरमन या ब्रिटिश तरुणाने दाखवले. 1971 मध्ये, 19 व्या वर्षी, तापानंतर त्याचे मानेखालचे स्पर्श आणि स्थितीचे ज्ञान गेले. स्नायूंत ताकद होती, पण हालचालींवर ताबा नव्हता. हातापायांकडे सतत पाहत तो पुन्हा चालायला शिकला. दिवे गेले की मात्र कोसळायचा.

आपल्याकडे या पेशींचे दोन नेहमीचे शत्रू म्हणजे मधुमेह आणि बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता. पहिल्याबद्दल लोक ऐकून असतात, दुसऱ्याकडे फार दुर्लक्ष होते. बी-12 कमी पडले की चेतातंतूंवरचे आवरण झिजते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेडे, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्गातले 441 पुरुष तपासले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-12 कमी होते. हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नसते. मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळते. माळकरी घरात दूध हाच मुख्य आधार, आणि दूध तर डेअरीला जाते. घरी उरते चहापुरते! मधुमेहासाठीची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही बी-12 घटू शकते. हिमोग्लोबिन चांगले म्हणून बी-12 ठीक, असे समजू नये. नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांनी रक्त सुधारते, आतला चेतातंतूंचा ऱ्हास चालूच राहतो.

तपासणी साधी आहे. 128 कंपनांचा धातूचा चिमटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा आणि थरथर जाणवते का ते विचारायचे. मग रुग्णाचे डोळे मिटवून अंगठा वर केला की खाली, ते विचारायचे. पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहिल्यावर तोल गेला तर शंका बळावते. ही परीक्षा घरी एकट्याने करू नये. त्यानंतर रक्तातील साखर आणि बी-12 पाहावे.

बी-12 ची इंजेक्शने पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर चाल बरीच सुधारते. वर्षानुवर्षे गेल्यावर थोडी उणीव उरते. मधुमेहाने गेलेले भान सहसा परतत नाही, पण साखर ताब्यात ठेवून पुढचे नुकसान लांबवता येते. तोवर रात्री मागे पट्टा असलेली चप्पल, हातात बॅटरी आणि काठी हवी. काठीवर भार टाकलाच पाहिजे असे नाही. ती जमिनीला नुसती टेकली तरी पायांना न कळलेली जमीन बोटांना कळते आणि शरीराचे डोलणे कमी होते.