पणजीचे फोंताईन्हास
पणजी शहरात आल्तिनो टेकडी आणि ओरें खाडी यांच्या दरम्यान फोंताईन्हास ही जुनी वस्ती आहे. पोर्तुगीज भाषेत या नावाचा अर्थ ‘लहान झरे’ असा होतो. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून ते पडले.

येथील अरुंद गल्ल्यांतून निळी, पिवळी, तांबडी घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. गोव्याचा पाऊस भिंतींचा रंग धुऊन नेतो. म्हणून पावसाळा सरला की घरे पुन्हा रंगवावी लागतात. दारांलगतच्या निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशांना ‘आझुलेजु’ म्हणतात. त्यांवर घरांची व रस्त्यांची नावे चितारलेली असतात. रस्त्यावरची ही चित्रकला वाटसरूला पत्ताही सांगते. जुन्या घरांतच खानावळी थाटलेल्या आहेत. तेथे मासळीचे कालवण मिळते, तर बेकरीत पाव आणि बेबिंक.

अलीकडे मात्र छायाचित्रे घेणाऱ्यांची एवढी दाटी होते की, काही रहिवाशांनी मनाईच्या पाट्या लावल्या आहेत. त्यांची तक्रार रास्त आहे. घरात माणसे नांदतात, म्हणूनच भिंतींना दरवर्षी नवा रंग चढतो. ती कंटाळून निघून गेली, तर ही शोभा दोन-चार पावसाळेही टिकणार नाही. पाहुण्याने उंबरठ्याचा मान राखावा, एवढीच अपेक्षा आहे.