ब्लॉक एकदाच काढा, पण नीट

दरवाजा, कमोड, खुर्ची दर नकाशात नव्याने कोण काढत बसणार? ऑटोकॅडमध्ये त्यांचा ‘ब्लॉक’ करतात. ‘डब्ल्यूब्लॉक’ कमांडने तो स्वतंत्र डीडब्ल्यूजी फाइल म्हणून लायब्ररीत ठेवता येतो. रेषा ‘झीरो’ लेयरवर, रंग ‘बायलेयर’. मग ब्लॉक ज्या लेयरवर टाकाल त्याचा रंग घेतो. युनिट तपासाच. इंचात काढलेल्या ब्लॉकला युनिट चुकीचं लागलं, तर मिलिमीटरच्या नकाशात १८ इंची खुर्ची १८ मिलिमीटरची होऊन बसते!

नवखे फसतात ते पुढेच. लायब्ररीतली फाइल सुधारली म्हणून जुन्या नकाशांतले ब्लॉक आपोआप बदलत नाहीत. प्रत्येक नकाशात ते रीडिफाइन करावे लागतात. आणि फाइलला ‘डोअर-न्यू-फायनल-२’ असलं नाव कृपा करून देऊ नका. ‘दरवाजा-९००’ पुरे.